तीन शहरांचा प्लॅन, दोन लहान मुलं आणि एकच मुक्काम : एक प्रकरण अभ्यास

लहान मुलांना घेऊन परदेशी जायचं म्हटलं की सगळे विचारतात कुठे जावं, कुठला देश मुलांना बरा पडेल, विमानात पोरांना गुंतवायला काय न्यावं वगैरे. माझ्या मते यापेक्षा मोठा प्रश्न हा आहे की मुक्काम किती वेळा बदलणार, आणि तो फारसं कोणी विचारत नाही. हे मी ज्या प्रकरणावरून म्हणतेय ते माझ्या ताईच्या घरचं आहे, मी पूर्ण ट्रिप त्यांच्यासोबत होते आणि ताईला विचारूनच सगळं सविस्तर लिहितेय, कारण अशा ट्रिपचे फोटो सगळेच टाकतात पण रात्री दोन वाजता काय चाललं होतं ते कुठे वाचायला मिळत नाही आणि नव्याने जाणाऱ्यांना नेमकं तेच लागतं.

माणसं आणि प्लॅन

थोरली साडेचार वर्षांची, धाकटा १३ महिन्यांचा, ताई, जिजू आणि मी. महिना जून. पॅरिसला चार रात्री, मग ट्रेनने बेल्जियममधल्या ब्रुजला दोन, तिथून ॲमस्टरडॅमला तीन आणि तिथूनच परतीचं विमान. जिजूंना सुट्टी उशिरा मिळत होती म्हणून ते मागाहून ब्रसेल्सला उतरून थेट ब्रुजला भेटणार होते, म्हणजे सुरुवातीला दोन बायका आणि दोन मुलं. कागदावर प्लॅन चांगलाच दिसत होता, ट्रेनचा प्रवास कुठलाच फार मोठा नव्हता आणि जिजूंनी शीटमध्ये तासातासाचं लिहून ठेवलेलं.

कागदपत्रांचं काम ताईने महिनाभर आधीच संपवलं. दोन्ही मुलांचा वेगळा पासपोर्ट, वेगळा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो), १३ महिन्यांच्या बाळालाही यातून सुटका नाही. सहा वर्षांखाली व्हिसाची फी नसते आणि १२ वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत एवढीच काय ती सवलत. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरो वैद्यकीय खर्चाचा लागतो, तोही प्रत्येकाचा. वडील सोबत नसल्याने जिजूंचं संमतीपत्र, त्यांच्या पासपोर्टची कॉपी आणि मुलांचे जन्मदाखले ताईने हँडबॅगेत ठेवले होते. पॅरिसला उतरल्यावर इमिग्रेशनच्या काउंटरवर खरंच विचारलं की वडील कुठे आहेत, ताईने पत्र पुढे केलं आणि दोन मिनिटांत मोकळे झालो. मुलांना पळवून नेण्याच्या केसेस होतात म्हणून सीमेवर ही चौकशी होते, आई किंवा वडील एकटेच मुलांना नेत असतील तर हे पत्र न्याच, कोणी मागो न मागो.

विमानाबद्दल दोनच गोष्टी सांगते. धाकट्यासाठी बॅसिनेट, म्हणजे सीटसमोरच्या भिंतीला लावतात तो बाळाचा छोटा पाळणा, घेतलं होतं. बॅसिनेटला वजनाची मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी १० ते ११ किलोच्या आसपास, आणि हा साडेनऊ किलोचा असल्याने मिळालं खरं, पण वर्षाच्या पुढच्या मुलाला त्याचा उपयोग कमीच. सीटबेल्टचा दिवा लागला की बाळाला उचलून मांडीवर घ्यावंच लागतं, म्हणजे तो झोपला की दिवा लागायचा, उठवा, मांडीवर घ्या, परत झोपवा. याच कारणासाठी एका वर्षानंतर परवडत असेल तर बाळाला स्वतंत्र सीट घ्यावी असं ताईचं आता ठाम मत झालंय. (दोन वर्षं पूर्ण झाली की तसंही घ्यावंच लागतं, आणि ट्रिपच्या मधेच वाढदिवस येत असेल तर परतीला पूर्ण तिकीट लागतं, तारखा ठरवताना हे आधी बघा.)

दुसरी गोष्ट कानांची. विमानातल्या हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो, जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवर असेल तेवढा विरळ केलेला असतो, आणि उतरताना तो भराभर वाढतो. लहान मुलांची कानातून घशाकडे जाणारी नळी अरुंद आणि जास्त आडवी असते त्यामुळे दाब पटकन सारखा होत नाही आणि कान दुखतात. गिळलं की ती नळी उघडते. झोपेत मूल कमी गिळतं म्हणून लँडिंगच्या साधारण अर्धा तास आधी, विमान खाली यायला लागलं की ताईने थोरलीला उठवून स्ट्रॉने थोडं थोडं पाणी प्यायला दिलं आणि धाकट्याला अंगावर घेतलं. दोघंही रडली नाहीत. मागच्या रांगेतलं एक बाळ मात्र शेवटपर्यंत कळवळत होतं, फार वाईट वाटत होतं ऐकून. सिक्युरिटीला १०० मिलीचा नियम बाळाच्या दुधाला आणि खाण्याला लागू करत नाहीत, प्रवासापुरतं नेता येतं, फक्त ते बॅगेतून वेगळं काढून दाखवावं लागतं आणि कधी कधी तपासतात.

पहिले दिवस

घड्याळ साडेतीन तास मागे गेलं होतं. मोठ्यांना एवढा फरक काहीच वाटत नाही पण मुलं घरच्या वेळेप्रमाणे पहाटे साडेतीनला ताजीतवानी उठून बसली आणि त्या फ्लॅटच्या लाकडी फरशीवर धाकट्याने डबा आपटायला सुरुवात केली. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकतं. पश्चिमेकडे गेलं की संध्याकाळचा उजेड जास्त मिळायला हवा आणि पहाटेचा टाळायला हवा, म्हणजे झोप पुढे ढकलली जाते. जूनमध्ये पॅरिसला सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास, त्यामुळे हे सोपं होतं. संध्याकाळी मुलांना बागेत बाहेरच ठेवायचं आणि झोपताना खिडक्यांचे शटर घट्ट लावायचे एवढंच केलं, तर रोज थोडं थोडं पुढे सरकत गेलं.

शहरात फिरताना खरा अडसर मेट्रोचा निघाला. पॅरिसची मेट्रो जुनी, पहिली लाइन १९०० सालची, आणि बहुतेक स्टेशनांत जिनेच जिने. सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिफ्ट असलेली लाइन म्हणजे फक्त १४ नंबरची. बाबागाडी, झोपलेलं बाळ, डायपरची बॅग आणि मला उचलून घे म्हणणारी थोरली, हे सगळं घेऊन जिने चढायचे म्हणजे दोघींचे हात पुरत नाहीत. पहिल्या दिवसानंतर आम्ही मेट्रो सोडली आणि बस धरली, बसमध्ये बाबागाडीला जागा असते, खिडकीतून शहर दिसतं आणि थोरलीला बसचा नंबर ओळखायचं काम मिळतं. वेळ दुप्पट लागतो पण चिडचिड निम्मी होते. टॅक्सीचं सांगायचं तर फ्रान्समध्ये १० वर्षांखालच्या मुलांना गाडीत चाइल्ड सीट लागते पण टॅक्सीला त्यातून सूट आहे, म्हणजे सीट नसलेली टॅक्सी येऊ शकते. ताईने एअरपोर्टवरून येतानाची गाडी दोन चाइल्ड सीटसकट आधीच सांगून ठेवली होती, माझ्या मते ही सूट कायद्यात असली तरी घेऊ नये.

तिसरी रात्र

रात्री अकराच्या सुमारास धाकट्याने उलटी केली, मग परत, मग जुलाब सुरू झाले. दोन तासांत चार डायपर. अंग गरम. आम्ही दोघीच, परका देश, भाषा येत नाही, आणि शेजारच्या खोलीत थोरली उठून दारात उभी राहून बघतेय. भीती वाटते, फार वाटते, आणि ती वाटत असतानाच डोकं चालवावं लागतं.

ताईने ओआरएस सोबत आणलं होतं. घरून आणलेलं पाकीट एक लिटर पाण्याचं, आणि तिथल्या फार्मसीत बाळांसाठी मिळतं ते २०० मिली पाण्याचं. दिसायला दोन्ही पाकिटंच. अदलाबदल झाली तर एक तर पाचपट घट्ट होतं किंवा पाचपट पातळ, दोन्ही वाईट, घट्ट झालेलं जास्त धोक्याचं. म्हणून पाकिटावर मार्करने मोठ्या आकड्यात लिहून ठेवलं. उलटीनंतर दहा मिनिटं थांबायचं, मग चमच्याने थोडं थोडं, एकेक चमचा, दोन तीन मिनिटांनी पुढचा. तहान लागली म्हणून बाळ घटाघटा प्यायला बघतं पण तसं दिलं की परत उलटून पडतं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं.

ताईने फोनमध्ये तक्ता केला, किती वाजता काय पाजलं, किती वाजता उलटी, शी, शू. मला तेव्हा वाटलं ही एवढी लिहितेय कशाला, पण डॉक्टर आल्यावर त्याच तक्त्यावर सगळं बोलणं झालं. लक्ष कशावर ठेवायचं तर शू सहा तास झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, तोंड कोरडं, डोळे खोल गेलेले, बाळ सुस्त पडलंय आणि उठवलं तरी नीट बघत नाही, शीत रक्त, किंवा उलटी हिरवी, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबायचं नाही. युरोपियन युनियनमध्ये कुठेही ११२ लावता येतो, फ्रान्समध्ये वैद्यकीय मदतीचा स्वतंत्र नंबर १५ आहे.

पहाटे ताईने इन्शुरन्सच्या मदतीच्या नंबरवर फोन केला, आधी फोन करून क्लेम नंबर घेतला की पुढे पैशांची भांडणं कमी होतात. त्यांच्याकडूनच कळलं की फ्रान्समध्ये घरी येणाऱ्या डॉक्टरांची व्यवस्था आहे, एसओएस मेदसँ नावाची, १९६६ पासून चालू असलेली, रात्रीसुद्धा येतात. डॉक्टर तास-सव्वातासात आल्या. पहिला प्रश्न, वजन किती? निघायच्या आदल्या दिवशी केलेलं वजन ताईला पाठ होतं. तपासून सांगितलं की विषाणूचे जुलाब आहेत, पाणी थोडं कमी झालंय पण फार नाही, ओआरएस आणि दूध चालू ठेवा, जुलाब थांबवायचं मोठ्यांचं औषध अजिबात द्यायचं नाही. तापासाठी पॅरासिटामॉल सिरप लिहून दिलं. ही पण एक शिकण्यासारखी गोष्ट, तिकडच्या सिरपसोबत औषध मोजून पाजायची जी नळी (पिपेट) येते तिच्यावर मिलीच्या जागी किलोच्या खुणा असतात, बाळ नऊ किलोचं तर नऊच्या खुणेपर्यंत भरायचं. सोपंय, पण ती पिपेट त्याच बाटलीची. घरून आणलेल्या सिरपची ताकद वेगळी असते, तिकडची पिपेट इकडच्या बाटलीत घातली तर डोस चुकतो. ताईने घरची बाटली सरळ सुटकेसच्या तळाशी टाकून दिली.

निर्णय

सकाळी धाकटा झोपला, शू झाली होती, जीवात जीव आला. दुसऱ्या दिवशी ब्रुजला निघायचं होतं. जिजूंचा फोन आला, त्यांचं म्हणणं की तो बरा होतोय ना, ट्रेनमध्ये झोपेलच की, तिकिटं काढलेली आहेत, हळूहळू जाऊ. त्यांचंही बरोबर होतं, ते लांब होते आणि महिनाभर खपून सगळं ठरवलं होतं. ताईने शांतपणे हिशोब मांडला. आदल्या संध्याकाळी सामान भरायचं, म्हणजे मुलांची संध्याकाळ गेली. सकाळी स्टेशन, बाबागाडी, सुटकेस, ब्रसेल्सला गाडी बदलायची. पोचल्यावर चेक-इनला वेळ असतो तोवर बाळाला घेऊन कुठेतरी बसायचं. रात्री नवीन खोली, नवीन पलंग, नवीन आवाज, म्हणजे झोप मोडणार. तिसऱ्या दिवशी कुठे मुलं जागेवर येणार आणि तेव्हा परत सामान भरायची वेळ. एक मुक्काम बदलला की दीड दिवस गेला असं तिने सांगितलं, आणि आजारी बाळ असेल तर तीन.

मला हा हिशोब इतका पटला की मी हे लिहायला बसले. मोठ्या माणसाला नवीन जागा म्हणजे मजा, सव्वा वर्षाच्या पोराला नवीन जागा म्हणजे सगळं परत पहिल्यापासून. त्याला शहर कुठलं ते माहीत नसतं, त्याला पलंग, भिंत, दिव्याचं बटण आणि आईचा चेहरा माहीत असतो. मोठ्यांना वाटतं प्रवासाचा त्रास विमानात संपला, मुलांना तो प्रत्येक नव्या खोलीत नव्याने होतो.

फ्लॅट नशिबाने पुढेही रिकामा होता. ब्रुजचं बुकिंग फुकट रद्द झालं. ॲमस्टरडॅमचे पैसे परत मिळणार नव्हते, तिथली शेवटची एक रात्र वापरली, राहिलेल्या रात्रींचा काही भाग इन्शुरन्सने दिला कारण डॉक्टरांकडून बाळाने प्रवास करू नये असं लेखी घेतलं होतं. हा कागद त्याच वेळी मागून घ्यायचा, नंतर मिळवणं अवघड. जिजू ब्रसेल्सहून सव्वा-दीड तासाच्या ट्रेनने पॅरिसला आले.

मग काय झालं

लगेच सगळं छान झालं असं नाही. दोन दिवसांनी थोरलीचं पोट बिघडलं, तिचं निभावलं, आणि मग ताई स्वतः आडवी झाली. असे विषाणू घरभर फिरतात, यातल्या काहींवर हँड सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबणाने हात धुणंच कामाचं. फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन होतं म्हणून आम्ही तरलो. हॉटेलच्या खोलीत ही चादरी आणि कपड्यांची रांग कशी निस्तरली असती ते मला अजून कळत नाही, मुलांसोबत जाताना नजाऱ्यापेक्षा वॉशिंग मशीन आधी बघा.

या सगळ्यात थोरलीकडे दुर्लक्ष होत होतं. ती काही बोलायची नाही, फक्त बूट घालायला नकार द्यायची, बसस्टॉपवर आडवी पडायची. तिला भाऊ आजारी आहे हे कळत होतं आणि राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं. म्हणून ठरवलं की रोज सकाळचे दोन तास ती आणि मावशी, बाळ नाही. आम्ही लूव्र संग्रहालयात गेलो. १८ वर्षांखाली तिकीट नाही आणि मंगळवारी बंद असतं एवढं लक्षात ठेवा. मोनालिसाच्या गर्दीत गेलोच नाही. खोर्साबादच्या दालनात माणसाचं तोंड आणि पंख असलेले दगडी बैल आहेत, चार मीटरपेक्षा उंच, सत्तावीसशे वर्षांपूर्वी असिरियाच्या (आताच्या इराकमधलं जुनं राज्य) राजाच्या महालाच्या दाराशी उभे केलेले. थोरली खाली बसून पाय मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. परत मोजले. पाचच. समोरून बघितलं तर बैल उभा दिसावा आणि बाजूने बघितलं तर चालताना दिसावा म्हणून त्या कारागिरांनी पाचवा पाय काढलाय. ती मला हात धरून समोर नेत होती, मग बाजूला, मग परत समोर. त्यानंतर दोन दिवस ती भेटेल त्याला पाच बोटं दाखवून बैलाचं सांगत होती. तासाभरात बाहेर पडलो, बाकीचं लूव्र राहू दे.

आणि लक्झेंबर्ग बाग. मधल्या हौदात लाकडी शिडाच्या छोट्या होड्या भाड्याने मिळतात, लांब काठीने ढकलायच्या आणि वारा नेईल तिकडे धावायचं. अख्खी संध्याकाळ त्यात जायची, आणि रोज तेच. तिला नवीन काही नको होतं. कालची निळी होडी आज परत मिळेल का हाच तिचा प्रश्न. सहाव्या-सातव्या दिवशी ती बागेतून फ्लॅटपर्यंत आम्हाला वाट दाखवत आली, कुठे वळायचं, कुठल्या दारापाशी कुत्रा असतो, सगळं तिला माहीत. जिजू तिच्या मागून चालत होते आणि त्या संध्याकाळनंतर ब्रुजचा विषय त्यांनी काढला नाही. बूट घालायचं भांडणही त्याच सुमारास थांबलं. धाकटाही त्या फ्लॅटच्या सोफ्याला धरून चालायला लागला आणि एका संध्याकाळी त्याने हात सोडला.

काय राहून गेलं तेही सांगते. आयफेल टॉवरवर गेलो नाही, बाबागाडी घडी करून रांगेत उभं राहायची ताकद नव्हती. रात्री तासातासाला पाच मिनिटं तो चमचमतो तेही मुलांना दिसलं नाही, जूनमध्ये अंधार पडेपर्यंत ती झोपलेली असायची. जिजूंना ब्रुज, कालव्यांचं शहर, बघायचं होतं, ते राहिलं आणि त्यांना त्याची रुखरुख आहे. त्यांचं अजूनही म्हणणं आहे की मुलं सहा-सात वर्षांची असती तर तीन शहरं सहज झाली असती. ते मलाही पटतं. वय वाढलं की हिशोब बदलतो. पण पाच वर्षांखालचं मूल सोबत असेल तर आठ-दहा दिवसांत एकच मुक्काम, फार तर दोन, आणि तिथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत असं फिरावं, असं मी कोणालाही सांगेन.

परत येताना

पॅरिसहून ॲमस्टरडॅमला थेट ट्रेन साडेतीन तासांच्या आत पोचते, एअरपोर्टजवळ एक रात्र आणि मग विमान. विमानाला पाच तास उशीर. युरोपियन युनियनमधून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला २६१/२००४ हा नियम लागू होतो, लांबच्या उड्डाणाला चार तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर खाणं-पिणं द्यावं लागतं. काउंटरवर आपणहून कोणी काही सांगितलं नाही, ताईने नियमाचा नंबर घेऊन विचारलं तेव्हा कूपनं मिळाली. डायपर आणि बाळाचं खाणं आम्ही एका जास्तीच्या दिवसाचं हँडबॅगेत ठेवलं होतं, ते सगळं संपलं.

पूर्वेकडे येताना शरीराला जास्त जड जातं कारण झोप अलीकडे ओढावी लागते. मुलं रात्री साडेबारापर्यंत जागी आणि सकाळी नऊला उठवली तरी डोळे उघडेनात. इथे उलटं करायचं, सकाळचा उजेड भरपूर आणि संध्याकाळी दिवे मंद. थोरलीच्या शाळेआधी ताईने चार दिवस मोकळे ठेवले होते, ते चारही लागले. धाकट्याचं वजन परत आल्यावर ४०० ग्रॅम कमी भरलं, मुलांच्या डॉक्टरांनी झिंकचे थेंब १४ दिवस पूर्ण करायला सांगितले आणि तीन आठवड्यांनी परत वजन केलं तेव्हा ते भरून निघालं होतं.